दुसऱ्या रकान्यातलं नाव

कॅप्टन बंदेनवाज नदाफच्या घरात नवराबायकोचा एकत्र असा फोटो एकच. तो लग्नातला, आणि तोसुद्धा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. बाहेरच्या खोलीतली अख्खी भिंत मात्र देवमाशांच्या शेपट्यांनी भरलेली. कॉटच्या कडेपासून पंख्याच्या उंचीपर्यंत शेपट्याच शेपट्या. काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या, ओरखड्यांच्या, कडेनं कुरतडल्यासारख्या. सोलापुरातून समुद्र गाठायचा तर एसटीत बसून अंग आंबून जातं, आणि इथं नई जिंदगी मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत ही भिंत. पाणी प्यायला टेकलेला माणूस तांब्या हातात धरून तसाच बघत राहायचा. कॅप्टनची बायको गुलबानो या भिंतीचा मनापासून दुस्वास करायची. ईदच्या आधी घराला रंग काढायचा झाला की ती रंगाऱ्याला सांगायची, "ती भिंत सोडा. ती आमची न्हाय."

आणि गंमत अशी, की त्या भिंतीवरची एकूण एक शेपटी कॅप्टनपेक्षा तिलाच जास्त ओळखू यायची. भांडण होतं ते यावरूनच. पण भांडणाकडे येण्याआधी कॅप्टनची कारकीर्द सांगायला हवी. ती सगळा मोहल्ला कौतुकानं सांगतो आणि गुलबानोला ती ऐकून ऐकून वीट आलेला आहे.

बंदेनवाजचे वडील दारोदार कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचे. घराण्यात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. बंदेनवाजनं तो पाहिला एकोणिसाव्या वर्षी, जहाजावरच्या भरतीसाठी मुंबईला गेला तेव्हा, आणि पाहिल्या पाहिल्या त्याला उलटी झाली, असं त्याचा धाकटा भाऊ गौस अजूनही टेंभुर्णीला आपल्या ट्रकवाल्यांत बसून सांगतो. पण पोरगा चिवट निघाला. आधी शिकाऊ, मग तिसरा अधिकारी, दुसरा, पहिला, अशा परीक्षा देत देत छत्तिसाव्या वर्षी एका भल्या थोरल्या मालवाहू जहाजाचा कॅप्टन झाला. त्याच वर्षी लग्न केलं. गुलबानो माळशिरसच्या शिंप्याची मुलगी, बारावी झालेली, नाकासमोर चालणारी. तिच्या घरच्यांना सांगितलं होतं की मुलगा जहाजावर साहेब आहे. खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त साहेब वर्षातले आठ महिने पाण्यावर असतात, हे मुलाकडच्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं.

लग्नाला चार वर्षं होत आली असताना ती गोष्ट घडली. कॅप्टनचं जहाज एका परक्या बंदरात शिरत होतं आणि धक्क्यावरची माणसं जहाजाच्या नाकाकडे बोट दाखवून ओरडायला लागली. नाकावर आडवा एक देवमासा अडकलेला. मेलेला. धडक केव्हा बसली ते जहाजावरच्या एकालाही कळलं नव्हतं, इतकं ते जहाज मोठं. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं, ओढून काढा, सोडून द्या, लॉगबुकात काही लिहू नका. कॅप्टननं लिहिलं. तारीख, वेळ, ठिकाण, आणि खाली स्वच्छ अक्षरात, की आमच्या जहाजाच्या धडकेनं एक देवमासा मेला. सही केली. तो करार संपल्यावर कंपनीनं 'कळवतो' म्हणून सांगितलं आणि पुन्हा कधीच कळवलं नाही.

हा झाला कॅप्टनच्या कारकिर्दीचा पहिला भाग. शाळांमध्ये, जलशांत, कुणाच्या दुकानाच्या उद्घाटनात कॅप्टन हा भाग सांगतो, आणि शेवटी छाती काढून म्हणतो, "वहीत खोटं लिहायचं नाही. नोकरी गेली तरी चालेल." लोक टाळ्या वाजवतात. गुलबानोही पूर्वी वाजवायची.

सहा महिने तो घरी बसला. मग गोव्याकडच्या एका संस्थेची जाहिरात आली. अरबी समुद्रात देवमाशांचा अभ्यास करायचा, त्यासाठी छोटी नाव, नावेला कॅप्टन हवा. पगार आधीच्या चौथाई. कॅप्टननं ती नोकरी धरली. गुलबानोला विचारलं नाही, सांगितलं, आणि सांगितलं तेही बॅग भरून झाल्यावर. तो मेलेला देवमासा त्याच्या डोक्यात बसला होता हे तिला कळत होतं. पण घरात जिवंत बायकोही आहे हे त्यानं डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात ठेवलं होतं, ते तिला काही केल्या कळेना.

देवमाशांचा अभ्यास म्हणजे काय हे मोहल्ल्यात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. लोकांना वाटे हा जाळं टाकतो. "कप्तानसाब, पापलेट आणलं का?" म्हणून विचारत आणि दात काढत. खरं काम असं होतं: नाव आखलेल्या रेषेत सरळ चालवायची, दोघांनी वर उभं राहून पाणी बघायचं, आणि दर अर्ध्या तासानं वहीत लिहायचं. देवमासा दिसला तर कुठं, किती, काय करत होता. नाही दिसला तर 'काही दिसलं नाही'. हे लिहिणं फार महत्त्वाचं, असं कॅप्टन बजावून सांगायचा. 'काही दिसलं नाही' म्हणजे आम्ही पाहिलं, नीट पाहिलं, आणि तिथं काही नव्हतं. ओळ कोरी सोडली तर त्याचा अर्थ, तिथं कुणी पाहिलंच नाही. आणि कॅप्टनच्या वहीत कोरी ओळ कधी नसायची. आठवडेच्या आठवडे 'काही दिसलं नाही', 'काही दिसलं नाही', पण कोरी ओळ नाही.

लेक आयत जन्मली तेव्हा कॅप्टन अर्थातच समुद्रावर होता. गुलबानोच्या सोबतीला शेजारची जगदेवी होती, तिनंच पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं. पुढं दोनेक वर्षांनी ओल लागलेल्या वह्या उन्हात घालताना गुलबानोनं सहज ती तारीख काढून पाहिली. त्या दिवशीच्या पानावर चोवीस ओळी होत्या, सकाळी साडेसहापासून संध्याकाळी सहापर्यंत. चोवीसही ओळींत एकच वाक्य. आयत झाली ती बरोबर अकरा वाजता. अकराच्या ओळीतही तेच वाक्य होतं. त्याचा यात काही दोष नाही, त्याला बातमी चार दिवसांनी कळली, हे सगळं तिला समजत होतं. तरी तिनं वही मिटली ती मिटलीच. या माणसाबद्दल तिच्या मनात जी अढी बसली ती त्या दिवसापासून.

त्या घरात एक वाटणी होती. मायेचं बोलणं दखनीत व्हायचं आणि भांडण मराठीत. त्यानंतर घरात बहुतेक मराठीच चालू लागली.

चौथाई पगारात घर चालेना, तेव्हा गुलबानो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादरींच्या कारखान्यात तपासणीला लागली. उतरत्या टेबलावरून चादर सरकत येते, खालून दिवा असतो, आणि बाईनं नुसत्या नजरेनं पकडायचं: कुठं धागा तुटलाय, कुठं गाठ राहिलीय, कुठं नक्षी एका घरानं सरकलीय. चादर थांबत नाही, नजर थांबली तर दोष निसटतो. सहा महिन्यांत तिची नजर अशी तयार झाली की कुणाच्या लग्नाला गेली तरी मांडवाच्या कापडातला दोष तिला आधी दिसायचा आणि नवरी नंतर.

पावसाळ्याचे चार महिने नाव बंद असायची. कॅप्टन फोटोंचे खोके घेऊन घरी यायचा. त्यांच्या अभ्यासातला देवमासा खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उचलतो, आणि शेपटीच्या खालच्या अंगाची काळीपांढरी नक्षी दर माशाची वेगळी असते. यंदाच्या फोटोतली शेपटी जुन्या कुठल्या शेपटीशी जुळते ते शोधायचं. जुळली तर ओळखीचा मासा, नाही तर त्याला नवा नंबर. कॅप्टन भिंग घेऊन एकेका फोटोवर दोन दोन दिवस बसायचा. अशाच एका दुपारी गुलबानो चहा ठेवायला आली, उभ्या उभ्या खाली बघितलं आणि बोटानं दोन फोटो पुढं सरकवले.

"ह्यो आन् त्यो एकच हाय की. डाव्या अंगाला नक्षी तुटलीया. दिसंना व्हय तुमाला?"

कॅप्टन हसला. मग त्यानं तासभर भिंगातून बघितलं. मग हसणं बंद झालं. एकच होता.

त्यानंतर अकरा पावसाळे हे काम गुलबानोनं केलं. कारखान्यातून येऊन भाकऱ्या टाकायच्या, आयतचा अभ्यास घ्यायचा आणि शेपट्या जुळवायच्या. एकेचाळीस देवमासे उभे राहिले. कुठला नवा, कुठला जुना, कुठल्या पिल्लाची आई कुठली, सगळं तिच्या नजरेनं ठरलेलं. कॅप्टनचा जीव अडकला होता बारा नंबरच्या मादीत. तिच्या शेपटीच्या डाव्या पाकळीला खाच होती, ती दरसाल नावेच्या जवळ यायची, आणि एका वर्षी बरोबर पिल्लू घेऊन आली. त्या पिल्लाला तेहतीस नंबर मिळाला. त्या वर्षी कॅप्टननं मोहल्ल्यात पेढे वाटले. आयतच्या वेळचे पेढे जगदेवीनं वाटले होते.

आता रजिस्टरची गोष्ट. संस्थेच्या नियमानं प्रत्येक जुळणी दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांना न विचारता, आणि दोन रकान्यांत दोन नावं लिहायची. पहिल्या रकान्यात कॅप्टनचं नाव. दुसऱ्या रकान्यात तिप्पण्णाचं. तिप्पण्णा हा अक्कलकोटचा, नावेचं इंजिन सांभाळणारा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा गरीब स्वभावाचा माणूस. कॅप्टन सांगेल तिथं तो सही करायचा.

"तिप्पण्णाला शेपटी आन् सूप यातला फरक कळतो का?" गुलबानोनं विचारलं होतं.

"संस्थेचा नियम आहे. दुसरा माणूस नावेवरचा लागतो. तू समुद्रसुद्धा पाहिलेला नाहीस, तुझं नाव कोण मानणार? कागदापुरतं आहे गं ते."

कागदापुरतं! एका मेलेल्या माशाबद्दल कागदावर खोटं लिहिलं नाही म्हणून जो माणूस गावोगाव हार घालून घेतो, तोच माणूस स्वतःच्या घरात, भाकरीच्या परातीशेजारी बसून दर पावसाळ्याला खोटं लिहीत होता, आणि वर नाकानं कांदे सोलत होता. गुलबानोला पगार नको होता, हारही नको होता. दुसऱ्या रकान्यात तिचं नाव हवं होतं, आणि ते त्याच्या हातानं लिहिलेलं हवं होतं. पाचव्या पावसाळ्यात तिनं मागितलं, तो म्हणाला पुढच्या वर्षी. सातव्यात मागितलं, तो म्हणाला तूही काय लहान पोरीसारखं करतेस. गेल्या वर्षी आयतच्या शाळेत त्याचा सत्कार झाला. 'वहीत खोटं लिहायचं नाही' हे वाक्य आलं तेव्हा बायकांच्या रांगेत गुलबानोनं हात मांडीखाली दाबून धरले.

यंदाच्या जूनमध्ये संस्थेचं पत्र आलं. या एकेचाळीस माशांच्या आधारावर जहाजांचा रस्ता बाजूला सरकवा, अशी मागणी सरकारकडे जायची होती. जहाजवाल्यांच्या बाजूनं हरकत आली होती, की शेपट्या जुळवल्या कुणी आणि त्यांची नजर तपासली कुणी? म्हणून संस्थेच्या डॉक्टर वैजयंती स्वतः सोलापूरला येऊन दुसऱ्या रकान्यातल्या माणसाची परीक्षा घेणार होत्या. म्हणजे तिप्पण्णाची. वीस फोटो समोर ठेवायचे, त्यानं जुळवायचे. चुकला तर अकरा वर्षांचं काम रद्दीत.

कॅप्टनची पाचावर धारण बसली. आठवडाभर त्यानं तिप्पण्णाला घरी बोलावून शिकवलं. तिप्पण्णा घाम पुसत म्हणायचा, "कप्तानसाब, मला सगळ्या सारख्याच दिसाय लागल्यात ओ. इंजिन खोलाय सांगा, आत्ता खोलतो."

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गुलबानो ज्वारी निवडत बसली होती. कॅप्टन येऊन समोर बसला. खाली बसायची त्याला सवय नाही, तेव्हाच तिनं ओळखलं की काहीतरी मागायचं आहे.

"उद्या चहा तू आण," तो म्हणाला.

"रोज कोन आणतं?"

"तसं नाही. नवे फोटो वरच्या ओळीत असतील, जुने खालच्या. तू तिप्पण्णासमोर कप ठेवायचा आणि कपाचा कान बरोबर फोटोकडे फिरवायचा. कान जिकडे, तो फोटो. आधी कपातच पाणी दे, मग चहा, मग बिस्किटं ठेवताना तोच कप फिरव, मग परत चहा. अवघड चारेकच असतील. बाकीचे तो कसंतरी करेल."

गुलबानोचा हात सुपात थांबला. इतकी वर्षं नाव मागितलं त्याचं हे उत्तर होतं. तिनं नाव होण्याऐवजी कपाचा कान व्हायचं होतं.

"मॅडमला सरळ सांगा की. जुळवती मी, म्हणून."

"वेडी आहेस का? अकरा वर्षं खोटी सही लिहिली म्हटल्यावर माझं काय राहील? सगळं आयुष्य मी एका गोष्टीवर उभं केलंय. इज्जतीचा प्रश्न आहे, गुलबानो."

"व्हय. तुमच्याच हाय तो."

"एवढं पार पडू दे. मग तुझं नाव लावतो."

तिनं खडा वेचून बाजूला टाकला आणि म्हणाली, "आणते चहा."

कॅप्टनला हायसं वाटलं. पाण्यावरची एवढीशी सुरकुती बघून खाली काय आहे ते सांगणारा हा माणूस, बायकोच्या दोन शब्दांखाली काय आहे ते त्याला उभ्या जन्मात कळलं नाही.

डॉक्टर वैजयंती सकाळी आठला आल्या. चाळिशीच्या, झपझप बोलणाऱ्या, चेहऱ्यावर उगाच हसू न ठेवणाऱ्या. त्यांनी भिंत बघितली, कौतुक केलं नाही. तिप्पण्णाला टेबलापाशी बसवलं, कॅप्टनला मागं कॉटवर बसायला सांगितलं आणि बजावलं, "कॅप्टन, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." मग फोटो मांडले. शेवटचा फोटो वेगळा ठेवला.

"जानेवारीत एक मादी मरून किनाऱ्याला लागली. अंगावर जहाजाच्या पंख्याच्या जखमा आहेत. ती आपल्या यादीतली आहे का, असेल तर कितवी, हे सगळ्यात महत्त्वाचं. जहाजांचा रस्ता बदलायचा की नाही ते यावर ठरेल."

गुलबानोनं पाणी आणलं. चहा आणला. कपाचा कान फिरत होता, तिप्पण्णाची नजर कपाच्या मागं फिरत होती, आणि मॅडम बरोबरच्या खुणा करत होत्या. कॉटवर कॅप्टनचा श्वास मोकळा व्हायला लागला. तासाभरात एकोणीस फोटो झाले. मग मॅडमनी तो शेवटचा फोटो पुढं सरकवला आणि गुलबानो दुसरा चहा घेऊन पडद्यातून बाहेर आली.

तिनं बघितलं आणि ओळखलं. उजव्या पाकळीवरचा पांढरा पट्टा, त्याच्या टोकाशी तुटलेली नक्षी. तेहतीस नंबर. बारा नंबरची पोरगी. समुद्र न पाहिलेल्या त्या बाईनं या पिल्लाला फोटोफोटोनं वाढताना बघितलं होतं, दर पावसाळ्याला नक्षी कशी पसरली ते बोटानं मोजलं होतं. तिला त्या क्षणी खरंच रडू येत होतं.

पण हातात कप होता. मागं कॉटवर तो माणूस निर्धास्त बसला होता. तिनं कप ठेवला आणि त्याचा कान सावकाश फिरवून बारा नंबरकडे केला.

"हे... हे बारा नंबर बघा, मॅडम," तिप्पण्णा म्हणाला.

मॅडमनी लिहायला घेतलं. "बारा. मृत."

"नाही!" कॅप्टन कॉटवरून उठून टेबलापाशी आला होता. "बारा नाही ती. बाराच्या डाव्या पाकळीला खाच आहे, इथं कुठंय खाच? आणि ही मेली जानेवारीत. बाराला मी मार्चमध्ये या डोळ्यांनी पाहिलंय. खोडा ते!"

"तुम्ही बोलायचं नाही म्हटलं होतं. तिप्पण्णा तुमचे दुसरे पाहणारे आहेत. त्यांचं मत मी लिहिणार."

"त्याचं कसलं मत! त्याला काय कळतंय त्यातलं?"

तिप्पण्णानं मान खाली घातली. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं.

"मग अकरा वर्षं दुसऱ्या रकान्यात कुणाची नजर होती?"

कॅप्टननं बायकोकडे बघितलं. ती रिकामा ट्रे छातीशी धरून उभी होती. देवमाशासाठी हा तोंड उघडणार, याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. बायकोसाठी उघडेल, अशी खात्री मात्र तिला कधीच वाटली नव्हती. म्हणून तर कपाचा कान तिकडे फिरला होता.

"हिची," कॅप्टन म्हणाला. "जुळणी हिची. सह्या तिप्पण्णाच्या. लिहिलं मी." आणि मग, "खोटं लिहिलं."

"सुटलो बघा भाभी," तिप्पण्णा पुटपुटला आणि समोरचा चहा एका घोटात पिऊन टाकला.

मॅडम चिडल्या नाहीत, त्याहून वाईट झालं, त्या कामाला लागल्या. अकरा वर्षांच्या सगळ्या जुळण्या रद्द. कॅप्टनचं काय करायचं ते संस्था ठरवेल, तोवर त्यानं नावेवर पाऊल ठेवायचं नाही. माशांची सगळी जुळणी पहिल्यापासून, दोघांनी वेगवेगळी. मग त्यांनी गुलबानोला टेबलापाशी बसवलं आणि कॅप्टनला खोलीबाहेर जायला सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. येणारेजाणारे विचारत होते, "कप्तानसाब, बाहेर का?"

गुलबानोनं वीस फोटो पाऊण तासात जुळवले. चूक एकही नाही. मॅडमनी दोनदा तपासलं.

"एक सांगा," त्या म्हणाल्या, "आधी दर वेळी तुमच्या कपाचा कान बरोबर होता, मी बघत होते. विसाव्याला चुकला कसा?"

"माझ्या हातनं दोष सुटत न्हाय, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. नवं रजिस्टर उघडून दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. गुलबानोनं पूर्ण नाव लिहिलं. इतकी वर्षं जे मागितलं ते मिळालं होतं, आणि तिला आनंद झाला नाही, संताप आला. नाव मिळालं ते नवऱ्याच्या हातून नाही, एका मेलेल्या पिल्लाच्या जिवावर. जाताना मॅडमनी सांगितलं, "कॅप्टनना पहिल्या रकान्यासाठी हे वीस फोटो स्वतः जुळवावे लागतील. तोवर तुम्ही काय ओळखलंत ते त्यांना सांगायचं नाही." तिप्पण्णाही त्यांच्या मागोमाग निघाला.

कॅप्टन आत आला. टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. गुलबानो थांबली होती. माफी नको, निदान एखादं वाक्य. चुकलो म्हण, अकरा वर्षं चुकलो म्हण, नाही तर आता तरी माझ्यावर ओरड.

"मेलेली कोण?" त्यानं विचारलं. "बारा नाही ना? मग कितवी? तू ओळखलंस, मला माहीताय. सांग की."

तेहतीस ऐकून हा मोडून पडला असता, हे तिला ठाऊक होतं. सांगायला तिचा जीव धजेना. आणि खरं म्हणजे सांगायचंही नव्हतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं.

"तुमची वही घ्या."

"आत्ता कशाला?"

"घ्या की. येळ लिवा. अकरा."

सवयीनं त्याचा हात चालला. त्यानं वही ओढून अकरा लिहिले आणि वर बघितलं.

"फुडं लिवा, काही दिसलं न्हाय," गुलबानो कप गोळा करत म्हणाली. "आयत झाली त्या दिवशी अकराच्या ओळीत लिवलंय तसंच. मी वाचलंय."

ती ट्रे घेऊन आत गेली आणि कप विसळायला लागली. बाहेरून पेनाचा आवाज येईना. बऱ्याच वेळानं ती हात पुसत दारात आली, तेव्हा कॅप्टन वहीवर वाकून तसाच बसला होता. अकराच्या पुढं त्यानं काही लिहिलं नव्हतं. ओळ कोरीच होती.